फ्रीजवरचे दोन कागद: डायव्हर्टिक्युलायटिस परत परत येतो तेव्हा

आमच्या सोलापूरच्या घरी फ्रीजवर दोन कागद चिकटवलेत. एकावर लाल पेनने लिहिलंय "दुखायला लागल्यावर", दुसऱ्यावर निळ्या पेनने "एरवी". आईला पाच वर्षांत डायव्हर्टिक्युलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याला येणाऱ्या एका सुजेचे, चार अटॅक येऊन गेले, आणि या आजाराबद्दल जे काही कळायला हवं होतं ते सगळं या दोन कागदांत आहे, फक्त दुसरा कागद लागायला आम्हाला दोन वर्षं लागली. तोपर्यंत एकच होता. म्हणजे दुखणं थांबून महिने झाले तरी आई मऊ भात आणि गाळलेल्या वरणावरच, भाकरी बंद, शेंगाची चटणी बंद, पेरू बंद, तीळ बंद, टोमॅटोसुद्धा बिया काढून. सोलापूरच्या बाईने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोडायची म्हणजे काय ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. एवढं सगळं सोडूनही दुसरा अटॅक आला, मग तिसरा आला.

नाव अवघड आहे पण आत काय होतं ते समजायला सोपं आहे. आपलं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं, त्याच्या भिंतीत स्नायूंचा एक थर असतो आणि आतल्या अस्तराला रक्त पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तो थर भेदून आत जातात. जिथून त्या आत शिरतात त्या जागा जरा कच्च्या राहतात. वर्षानुवर्षं आतला दाब पडत राहिला की या कच्च्या जागांतून आतलं अस्तर बाहेर फुगतं. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तिथून छोट्या फुग्यासारखी बाहेर डोकावते बघा, अगदी तसंच. साधारण वाटाण्याएवढे फुगे, डॉक्टर त्यांना पाऊच म्हणतात. ते जास्त करून होतात पोटाच्या डाव्या बाजूला खाली, जिथे आतडं इंग्रजी एससारखं वळतं तिथे, कारण तो भाग अरुंद आहे आणि अरुंद नळीत दाब जास्त पडतो. (जपान, कोरियाकडे मात्र ते उजव्या बाजूला जास्त दिसतात, तिकडे मग अपेंडिक्सशी गल्लत होते.)

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण रिपोर्ट हातात आल्यावर लोक इथेच घाबरतात. पाऊच नुसते असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. तो वयाबरोबर येतो, अमेरिकेत साठीच्या पुढच्या निम्म्याहून जास्त लोकांमध्ये सापडतो, आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. त्या पाऊचला सूज आली, इन्फेक्शन झालं की तो डायव्हर्टिक्युलायटिस. पूर्वी म्हणायचे की पाऊच असलेल्यांपैकी दहा ते पंचवीस टक्के लोकांना हे होतं, नवीन अभ्यासांमध्ये हा आकडा पाच टक्क्यांच्याही खाली आलाय. त्यामुळे कोलोनोस्कोपीच्या (दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये सहज "डायव्हर्टिक्युलोसिस" लिहून आलं असेल आणि काही दुखत नसेल तर झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

पण एकदा अटॅक आला की परत यायची शक्यता असते, आणि ती प्रत्येक वेळी वाढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पहिल्या अटॅकनंतर वर्षभरात साधारण ८ टक्के लोकांना परत आला, दहा वर्षांत २२ टक्क्यांना. दुसरा आला की मात्र पुढच्या दहा वर्षांत तिसरा यायची शक्यता निम्म्याहून जास्त. आई त्या निम्म्यांत आली.

पहिल्या वेळी आम्ही तीन दिवस घालवले. आई ओट्याशी उभी होती, पोळ्या लाटता लाटता थांबली आणि डाव्या बाजूला कमरेच्या हाडाच्या जरा आत बोट टेकवून म्हणाली, "इथंच दुखायलंय गं, एकाच जागी." गॅसचं दुखणं असं बोटाने दाखवता येत नाही, ते फिरतं, हवा सरली की कमी होतं. हे तिथेच बसून होतं. आधी एकांनी गॅस म्हणून इंजेक्शन दिलं, मग लघवीचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या झाल्या, तिसऱ्या दिवशी १०१ ताप. दवाखान्यात नेताना रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली की आई कण्हायची, प्रत्येक धक्क्याला पोटात कळ. नंतर मोठ्या डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं, "काकू, गाडीचे धक्के पोटात लागत होते का?" धक्का बसून, खोकून, टाच आपटून पोटात कळ येणं म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्यापर्यंत सूज पोचल्याची खूण असते. हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर तीन दिवस थांबलो नसतो.

निदान पक्कं होतं ते सीटी स्कॅनवर. सूज किती आहे, बाजूला पू साठलाय का, आतडं फुटलंय का हे सगळं त्यात दिसतं. काही गुंतागुंत नसेल तर त्याला साधा किंवा अनकॉम्प्लिकेटेड म्हणतात आणि बहुतेक अटॅक असेच असतात. पू, छिद्र, आतडं आणि लघवीच्या पिशवीमध्ये वाट तयार होणं, आतडं आखडून बंद पडणं, यातलं काही असेल तर तो कॉम्प्लिकेटेड. रिपोर्टमध्ये "हिंची" आणि पुढे एक आकडा दिसेल, ती १९७८ पासूनची प्रतवारी आहे, आकडा जितका मोठा तितकं प्रकरण गंभीर. प्रत्येक अटॅकला सीटी लागतोच असं नाही, दुखणं ओळखीचं आणि सौम्य असेल तर डॉक्टर रक्ताच्या तपासणीवर, विशेषतः सीआरपीवर (अंगात सूज असली की रक्तात वाढणारा आकडा), निर्णय घेतात. पण दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही किंवा या वेळचं दुखणं वेगळं वाटलं तर सीटी टाळू नका.

आता लाल कागद. दुखायला लागलं की पहिले एक-दोन दिवस आतड्याला आराम, म्हणजे फक्त पातळ आणि गाळलेलं. वरणाचं वरचं पाणी, तांदळाची गाळलेली पेज, ओआरएस, बिनदुधाचा चहा. दुखणं उतरायला लागलं की मऊ भात, मुगाचं घोटलेलं वरण, दही, साल काढून उकडलेला बटाटा, चालत असेल त्यांना अंडं. भूक लागली की खायचं, बळजबरी करायची नाही. आमच्या कागदावर मोठ्या अक्षरात अजून एक आहे, ते म्हणजे इसबगोल नाही, एरंडेल नाही, पोट साफ करायचं कुठलंही चूर्ण नाही. शेजारपाजारचे सगळे पहिल्यांदा तेच सुचवतात, पोट साफ झालं की बरं वाटेल म्हणून, आणि सुजलेल्या आतड्याला तेव्हा तेच नको असतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नाही, त्याचं कारण पुढे सांगते. आईला शुगर आहे, त्यामुळे नुसत्या पातळ खाण्यावर असताना शुगरच्या गोळ्या नेहमीच्या डोसने घ्यायच्या की नाही हे त्याच दिवशी फोन करून विचारायचं असंही लिहिलंय, दुसऱ्या अटॅकला तिची शुगर ५८ वर आली होती आणि ते पोटदुखीपेक्षा भयानक होतं.

अँटिबायोटिकबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत डॉक्टरांचाच विचार बदललाय. पूर्वी अटॅक म्हणजे अँटिबायोटिक हे ठरलेलं होतं. मग स्वीडन आणि आइसलँडमध्ये सहाशेच्या वर पेशंटवर अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये आला, त्यानंतर २०१७ मध्ये नेदरलँड्सचा. सीटीने साधा अटॅक असल्याची खात्री झालेल्या पेशंटना निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना दिलं नाही, आणि बरं होण्यात दोन्हीकडे फरक पडला नाही. म्हणून आता तब्येत एरवी चांगली असलेल्या, सौम्य अटॅकच्या पेशंटला काही डॉक्टर अँटिबायोटिक न देता लक्ष ठेवतात, ते निष्काळजी आहेत असं समजू नका. मात्र हे सगळ्यांना लागू नाही. सीआरपी खूप वाढलेला, उलट्या चालू, वय जास्त, इतर आजार, स्टिरॉइड किंवा केमो चालू, पाच दिवस होऊनही दुखणं तसंच, अशा वेळी अँटिबायोटिक लागतंच. आईला चारपैकी तीन वेळा दिलं. त्यातल्या मेट्रोनिडाझोलने तोंड इतकं कडू आणि लोखंडासारखं होतं की पाणीही नको वाटतं, ते गोळीमुळे होतं आणि कोर्स संपला की जातं. आणि मागच्या वेळची उरलेली स्ट्रिप काढून स्वतःच सुरू करणं, किंवा मेडिकलवाल्याकडून जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून आणणं, हे प्लीज करू नका, साधा अटॅक आहे की आत पू झालाय हे घरात बसून कळत नाही.

मग दुसरा कागद का लागला? तिसऱ्या अटॅकला आम्ही नवीन गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "काकू, एरवी काय जेवता?" आईने अभिमानाने सांगितलं की दोन वर्षं भाकरीला हात लावला नाही, एक शेंगदाणा खाल्ला नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे खाणं दुखण्याच्या आठवड्यासाठी होतं, तुम्ही त्यावर दोन वर्षं काढलीत." मला तेव्हा खरंच रडू आलं, कारण ताटातली भाकरी उचलून बाजूला ठेवणारी मीच होते.

दाणे आणि बिया पाऊचमध्ये जाऊन अडकतात ही समजूत फार जुनी आहे आणि ऐकायला पटते. पण २००८ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, त्यात ४७ हजारांवर पुरुषांच्या खाण्याची १८ वर्षं नोंद ठेवली होती, आणि दाणे, सुकामेवा, पॉपकॉर्न खाणाऱ्यांमध्ये हा आजार वाढलेला दिसला नाही, उलट सगळ्यात जास्त खाणाऱ्यांमध्ये कमी दिसला. याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्ये, पेंटर आणि बर्किट या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी मांडलं होतं की चोथा, म्हणजे फायबर, कमी असलेल्या खाण्यामुळे हा आजार होतो, आफ्रिकेतल्या खेड्यांमध्ये भरपूर चोथा खाणाऱ्या लोकांत तो जवळजवळ दिसत नाही. आता सगळं खापर एकट्या चोथ्यावर फोडत नाहीत, आतड्यातले जिवाणू, सततची बारीक सूज, अनुवंश हे सगळं त्यात आहे. पण अटॅक नसताना चोथा खायचा हा सल्ला टिकून आहे.

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा, असं डॉक्टर सांगतात, आणि आपल्याकडे त्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. १०० ग्रॅम ज्वारी किंवा बाजरीत साधारण १० ते ११ ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच पॉलिशच्या तांदळात ३ च्या आत. म्हणजे मऊ भातावर ठेवून आम्ही आईचा चोथा जवळजवळ काढूनच घेतला होता. पण परत देताना एकदम द्यायचा नाही हे महत्त्वाचं. अटॅक पूर्ण उतरल्यावर पहिल्या आठवड्यात अर्धी भाकरी दुधात कुस्करून, मग एक, मग शिजवलेल्या पालेभाज्या, उसळी आधी मुगाची आणि मग मटकीची, आणि सोबत पाणी वाढवायचं नाहीतर तोच चोथा आत दगड होऊन बसतो. सुरुवातीला गॅस वाढतो, पोट गच्च वाटतं, दोन-तीन आठवड्यांत बसतं. इसबगोल घ्यायचं ते या दिवसांत, मोठा ग्लासभर पाणी पिऊन. चार महिन्यांनी आईने पेरू खाल्ला. फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं, पहिली फोड हातात धरून बराच वेळ नुसती बघत बसली, मग म्हणाली "काही झालं तर तू आहेस ना इथं?" आणि बियांसकट चावून खाल्ली. मी त्या रात्री तीनदा उठून तिला बघून आले. ती घोरत होती.

निळ्या कागदावर खाण्याखेरीज दुसरी मोठी ओळ आहे गुडघ्याच्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जातीच्या पेनकिलरनी अटॅक यायची आणि आतडं फुटायची शक्यता वाढते, स्टिरॉइडने तर जास्तच. आई गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं अशीच एक गोळी मेडिकलमधून आणून घ्यायची आणि पोटाच्या एकाही डॉक्टरला ते सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं आणि गुडघ्याचा पोटाशी काय संबंध असं तिला वाटायचं. चौथा अटॅक आला तो भाच्याच्या लग्नानंतर, चार दिवस उभं राहून गुडघे सुजले म्हणून नात्यातल्या कोणीतरी दिलेल्या गोळ्या तिने घेतल्या होत्या, प्रवासात पाणी कमी, संडासला नीट जाणं नाही. एका घटनेवरून सिद्ध काही होत नाही, पण आमच्या वहीत अटॅकच्या आधीच्या आठवड्यात काय झालं ते लिहिलेलं आहे आणि त्यात एखादा पदार्थ असा सापडलाच नाही, बद्धकोष्ठता आणि या गोळ्या मात्र दोन-दोनदा सापडल्या. (हार्टसाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मनाने बंद करू नका, ते त्यांनाच ठरवू द्या.) बाकी चालणं, वजन, सिगारेट-तंबाखू सोडणं, मटण कमी करणं हे सगळं खरंच उपयोगाचं आहे. आमच्याकडे रविवारचं मटण आता महिन्यातून एकदा, बाकी रविवारी मासे किंवा चिकन. आणि प्रोबायोटिकच्या (चांगल्या जिवाणूंच्या) महागड्या गोळ्या, मेसालामिन हे आतड्याच्या सुजेवरचं औषध यांनी अटॅक टळत नाहीत, अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांची संघटना यासाठी ते देऊ नका असंच सांगते.

हे सगळं करूनही अटॅक येऊ शकतो आणि तेव्हा पेशंटला बोल लावू नका. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून दिसतं की या आजारात अनुवंशाचा वाटा ४० ते ५० टक्के आहे. चौथ्या वेळी हॉस्पिटलच्या कॉटवर पडल्या पडल्या आई सगळ्यांना सॉरी म्हणत होती, काहीतरी चुकीचं खाल्लं असणार माझंच, म्हणून. ते ऐकणं फार वाईट होतं.

दोन अटॅकच्या मधेही पोट दुखतं, ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही. अटॅक बरा झाल्यावर वर्षभराने विचारलं तर जवळपास ४५ टक्के लोक अधूनमधून दुखतं म्हणतात. सूज गेलेली असते पण तिथल्या नसा हळव्या होऊन बसतात. आधी सीटी आणि स्कोपी करून आत काही नाही ना याची खात्री करायची, ती झाली की मग प्रत्येक कळ म्हणजे अटॅक नाही हे मनाला शिकवावं लागतं, आणि डॉक्टर यासाठी कधी कधी डिप्रेशनच्या गोळीचा अगदी कमी डोस देतात, तो नसांसाठी असतो, पेशंट मनाने खचलाय असा त्याचा अर्थ नाही. आम्हाला फरक ओळखायला ताप आणि सीआरपी कामी आले, घराजवळच्या लॅबमध्ये संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळतो.

अटॅकनंतर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करायला सांगतात, खासकरून पहिला अटॅक असेल किंवा कॉम्प्लिकेटेड असेल आणि वर्षभरात झालेली नसेल तर. ती चुकवू नका, सुजलेलं आतडं आणि आतड्याचा कॅन्सर सीटीवर कधी कधी सारखे दिसतात. अटॅक चालू असताना मात्र शक्यतो करत नाहीत, सुजलेली भिंत फाटायची भीती असते.

ऑपरेशनचं भूत आमच्या डोक्यावर तिसऱ्या अटॅकपासून बसलंय. पूर्वी दोन अटॅक झाले की आतड्याचा तो भाग काढायचा असा नियम होता, आता तो राहिला नाही. अटॅकच्या आकड्यावर ठरत नाही. आतडं फुटायचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या अटॅकला असतो, पुढे तो कमी होत जातो, हे कळल्यावर चौथा म्हणजे आता फुटणारच ही आमची भीती गेली. ऑपरेशन करायचं ते जगणं किती अडलंय त्यावर, कामं सुटतायत का, प्रवास बंद झालाय का, वर्षात कितीदा अॅडमिट व्हावं लागतं. नेदरलँड्समध्ये २०१७ च्या अभ्यासात वारंवार त्रास असलेल्यांना ऑपरेशननंतर जास्त बरं आयुष्य मिळालं हे खरं, पण जोड निसटण्यासारख्या गुंतागुंती काहींना झाल्या, आणि ऑपरेशननंतरही काही जणांना परत अटॅक येतो. आईची खरी भीती पोटावरच्या पिशवीची होती, आतडं पोटावर उघडून संडास जिच्यात गोळा करतात तिची, ती कोणाला बोलून दाखवत नव्हती. सर्जनना मीच विचारलं. ठरवून, दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनला बहुतेक वेळा आतडं तिथेच जोडतात, पिशवी जास्त करून लागते ती फुटल्यावर घाईत कराव्या लागलेल्या ऑपरेशनला. आईने सध्या नको म्हटलंय, सर्जनही म्हणाले की वर्षभर बघू.

लाल कागदाच्या तळाशी चौकटीत लिहिलंय की कधी थांबायचं नाही. थंडी वाजून ताप, पोट फळीसारखं कडक, घोटभर पाणीही पोटात न टिकणं, गॅस आणि संडास दोन्ही बंद, संडासवाटे बरंच रक्त (ते बहुतेक न दुखता जातं आणि तरीही इमर्जन्सीच असते), लघवीत बुडबुडे किंवा घाण. वय झालेल्यांना, शुगरवाल्यांना, स्टिरॉइड घेणाऱ्यांना ताप न येताही आत गंभीर असू शकतं, त्यामुळे थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय म्हणून सकाळची वाट बघायची नाही. दाराच्या खुंटीला एक पिशवी अडकवलेली असते, त्यात सीटीच्या सीडी, शेवटची डिस्चार्ज समरी, क्रिएटिनिनचा (किडनीचा) रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, आणि कुठल्या पेनकिलर द्यायच्या नाहीत त्याची वेगळी चिठ्ठी. मी पुण्यात असते, रात्री दोनला निघाले तरी पोचायला चार तास, तेवढ्यात घरी असलेल्या अण्णांना एकट्याने सगळं सांगता यायला हवं म्हणून ती चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलीय.